गुरुवारी सुटलेली शपथ

"शपथ घालायची तर ती सोडवायचं बी ध्येनात ठेवायचं, पोरी. जिनं घातली तिच्याच तोंडानं सुटती ती. दुसऱ्या कुणाच्या न्हाई, आन् मनातल्या मनात तर न्हाईच न्हाई."

बनुबाई हे सांगायच्या ते भाकरी थापताना, आणि परातीवरचा हात थांबवून सांगायच्या, म्हणून ते संयोगिताच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज तसाच कानाशी. त्यांचा भाऊ नाथाजी लहानपणी कृष्णेच्या डोहात बुडता बुडता वाचला, तेव्हा त्याच्या आईनं त्याला जवळ ओढून म्हटलं होतं, 'माझ्या गळ्याची शपथ, नदीत पाय घालायचा न्हाई.' त्याच पावसाळ्यात आई तापानं गेली. शपथ सोडवायला कोणी उरलं नाही. नाथाजीचं रान नदीपलीकडं. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं व्हायचं, सगळा गाव चपला हातात घेऊन पलीकडं जायचा, आणि नाथाजी मात्र पुलावरून वळसा घालून. बैल गड्याबरोबर आधी पोचायचे, मालक मागनं. लोक हसायचे. म्हणायचे, "आवं, आई जाऊन किती वरसं झाली, आता कुणाचा गळा ऱ्हायलाय?" तर नाथाजी म्हणायचा, "मेली म्हणून काय ती माझी आई न्हाई व्हय?"

म्हणून या घरात शपथ कोणी उगाच घालत नसे. संयोगितानं तर लग्न होऊन आल्यापासून कधीच घातली नव्हती. तिचा स्वभावच हळू. सकाळी कराडच्या घाटावर नदीत दिवा सोडायचा, मग तुळस, मग देवघर. गुरुवारी दत्ताचा नेम, दिवे लागेपर्यंत मौन. तिचा नवरा मानसिंग फौजेतून सुभेदार होऊन आलेला, त्याला घरात शब्दाला शब्द लागायचा. शेजाऱ्यांना तो सांगायचा, "गुरुवारी आमच्या घरात फकस्त कुकर बोलतो." ती पदर तोंडाला लावून हसायची आणि हसण्याचाही आवाज होऊ द्यायची नाही.

अशा बाईनं मागच्या आठवड्यात शपथ घातली. तीही पोटच्या पोराला, आणि सातासमुद्रापलीकडं.

जयराज नेवीतून डायव्हर होऊन बाहेर पडला आणि एका परदेशी कंपनीत लागला. बेल्जियमच्या किनाऱ्यापासून आत, समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतात. त्यांची केबल जमिनीवर आणायची तर आधी तळ साफ करावा लागतो. हा आणि याचा मित्र रविराज, दोघं त्याच बोटीवर. नेवीत एकत्र, तिथंही एकत्र. त्या दिवशी जयराजचा व्हिडिओ कॉल आला, तो नारिंगी कपड्यांत, मागं राखाडी पाणी.

"आई, आबा, एक गंमत घावलीया. पाणबुडी! पहिल्या महायुद्धातली, जर्मनांची."

मानसिंग मोबाइलवर वाकला. "तोफ शाबूत हाय का रं?"

"तोफच न्हवती तिला, आबा. टॉर्पेडो बी न्हाई. लय बारकी. तीन एसट्या मागंफुडं उभ्या केल्या की संपली बोट. चौदा मानसं आत, वाकून वाकून ऱ्हायाची. ही सुरुंग पेरणारी जात. अगदी सुरुवातीची."

"म्हणजे लढायचीच न्हाई?"

"न्हाई. पोटात सहा तिरक्या नळ्या, एकेका नळीत दोन सुरुंग. अंधारात गुपचूप बंदराच्या तोंडाशी जायाचं, सुरुंग सोडायचं आन् घरी. मग कवातरी जहाज यायचं. लढाईचं येऊ दे, धान्याचं येऊ दे, जखमी फौजींचं येऊ दे, न्हाईतर मासं धरणाऱ्या गरिबाचं. सुरुंगाला काय कळतंय? असली किती जहाजं ह्यांनी बुडवली."

संयोगिताची नजर आपोआप देवघराकडं गेली. तिथं इतर देवांशेजारी चांदीचा एक छोटा टाक होता, गुंडाचा. मानसिंगच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. पहिल्या लढाईत मुंबईहून जहाजात बसला, तो पोचलाच नाही. वाटेत जहाज बुडालं एवढंच कळलं. कशानं, कुठल्या पाण्यात, ते कधी कळलं नाही. अंग मिळालं नाही म्हणून टाक केला. रोज ती त्याला कुंकू लावायची आणि रोज तिला वाटायचं, याला अजून थंडी वाजत असेल.

"मग ही कशानं बुडली?" मानसिंगनं विचारलं.

जयराज जरा पुढं सरकला. "त्याचीच तर गंमत हाय. सुरुंग नळीतनं सुटला की आधी तळाला बसतो, त्याच्या लोखंडी पायासकट. त्याला एक वडी लावलेली असती, पाण्यात विरघळणारी. समजा, गुळाचा खडा. ती विरघळली की सुरुंग पायापासनं सुटतो आन् दोरीवर वर येतो. ती विरघळायच्या आत बोटीनं लांब निघून जायाचं. पर कवाकवा वडी आधीच विरघळायची. बोट अजून वरच, आन् खालनं सुरुंग वर. त्यांनीच सोडलेला, त्यांच्याच पोटाखाली. ही तशीच गेली. मागची बाजू खालनं फाटलीया."

"आणि आतली माणसं?" संयोगितानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

जयराजनं मागं वळून पाण्याकडं पाहिलं. "आतच हायती, आई."

मग तोच पुढं म्हणाला, "अजून दोन सुरुंग फुडच्या नळीत हायती. ते तिथं असोस्तवर केबल जात न्हाई. तळाला निस्ता गाळ, यंत्राच्या कॅमेऱ्याला काय बी दिसत न्हाई. म्हणून मी आन् रवी उतरणार. नळीत हात घालून चाचपायचं, कसं अडकल्यात ते बघायचं, आन् वर यायाचं. मग लांबनं उडवत्यात."

नळीत हात. शंभर वर्षांपूर्वीच्या अंधारात, चौदा माणसं पलीकडं झोपलेली, आणि तिच्या पोराचा हात. ज्या हाताला ती लहानपणी खोबरेल लावायची. तिचा हात गळ्याकडं कधी गेला ते तिचं तिला कळलं नाही.

"जयराज, माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. त्या बोटीपाशी पाण्यात उतरायचं न्हाई."

मानसिंग ताडकन म्हणाला, "अगं ए! फौजीची बायको ना तू? ड्युटी हाय त्येची."

पण जयराज हसला नाही. तो बनुबाईंच्या मांडीवर नाथाजीची गोष्ट ऐकत वाढलेला. त्यानं आईच्या गळ्यावरच्या हाताकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बरं. न्हाई उतरत."

त्यानंतरचे दिवस तिला वाटलं होतं तसे गेले नाहीत. भीती जायला हवी होती. पोरगं वर आहे, कोरडं आहे. पण सकाळी नदीवर दिवा सोडताना तिला पाण्याकडं बघवेना. कृष्णेला पावसाचं पाणी येऊन गेलेलं, गढूळ, तळ दिसत नव्हता. एकदा पायरीशी खालून मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला. मासा असेल, कासव असेल. ती मात्र दिव्याचं ताट तसंच टाकून दोन पायऱ्या वर सरकली आणि उभी राहिली, छातीवर हात ठेवून. खाली काय बांधून ठेवलेलं असतं आणि ते कधी सुटून वर येतं, कोणाला माहीत? घरी येऊन तिनं गुंडाच्या टाकाला कुंकू लावलं, मग जरा थांबून त्याच्याच पुढ्यात त्या चौदांसाठी एक फूल ठेवलं. शत्रूचे का असेनात. त्यांच्याही आया असतील. गुंडाला त्यांनीच बुडवलं असेल, नसेलही.

गुरुवार उजाडला. तिनं मौन धरलं, दत्ताला तुळस वाहिली, स्वयंपाक आवरला. दुपारी जेवणं होऊन मानसिंग पेपर घेऊन आडवा झाला आणि तिचा मोबाइल वाजला. नाव होतं दगडाबाई.

दगडाबाई म्हणजे रविराजची आई. विट्याच्या पुढं माळावरच्या वस्तीत राहायची; घरची मेंढरं, आता थोडी डाळिंबं. पोरं परदेशी निघाली तेव्हा विट्याच्या स्टँडवर दोघी पहिल्यांदा भेटल्या होत्या. दगडाबाईनं तिच्या हातात डाळिंबाची पिशवी कोंबली होती आणि म्हणाली होती, "आमच्याकडं प्यायाला पाणी न्हाई, आन् माझं लेकरू समुद्रात निघालं, काय म्हनावं ह्येला!" आणि दोघी हसल्या होत्या. मग एसटी सुटल्यावर हसणं थांबलं. तेव्हा संयोगितानं तिचा खरबरीत हात धरून सांगितलं होतं, "पोरं खाली उतरली आणि भ्या वाटलं, तर एकट्या बसू नका. मला सांगा. मी येऊन बसेन तुमच्यापाशी." बोलून गेली होती. दगडाबाईनं मान हलवली होती.

संयोगितानं फोन कानाला लावला. बोलता येत नव्हतं, पण ऐकायला मनाई नव्हती.

"जयराजची आई, मी दगडाबाई बोलतीया. आवं, माझा रवी आज उतरनार हाय त्या बोटीपाशी. काल बोलला. जयराजच्या जागी एक गोरा उतरनार हुता, त्येचा कान सुजलाय म्हनं. तवा रवी खाली, आन् जयराज वर तयार हून बसनार. रवीला काय झालं तर खाली यायाचं काम त्येचं. म्या इचारलं, मग भ्या कशाचं? तर हसाय लागला माझा रवी. म्हनला, आई, जयराजला त्येच्या आईची शपथ हाय. मी अडकलो तर गडी आधी कराडला फोन लावंल, मग उडी मारंल!"

दगडाबाई हसली. हसू मधेच तुटलं.

"मी तुमास्नी बोल लावत न्हाई बरं का. आईनं शपथ घातली तर काय चुकलं? मला सुचलं असतं तर म्या बी घातली असती. पर ह्या दोघांनी सायबाला शपथेचं सांगितलंच न्हाई. सांगितलं तर दोघांस्नी बी घरी लावत्यात म्हनं. आज त्येंच्या दुपारच्याला भरती-ओहोटीचं पानी थांबतंय, तवा उतरनार... ऐकताय न्हवं? बोलत का न्हाई? राग आला व्हय?"

संयोगिताचे ओठ हलले आणि थांबले.

"आगं बया! गुरवार न्हवं आज. इसरलेच बघा. ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, माझ्यापायी नेम मोडू नगा. मालक मेंढरं घिऊन गेल्यात, घरात कुनी न्हाई, येकलीच हाय, म्हनून लावला आपला. ठेवते."

फोन बंद झाला. संयोगिता चुलीपाशी उभीच राहिली. घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. हळूहळू तिला सगळं दिसायला लागलं. बोटीच्या कडेला तिचा जयराज, अंगात पाण्याचे कपडे, हातात दोरी. दोरीच्या खालच्या टोकाला रवी. दोरी हिसकते. जयराज उठतो, आणि त्याला तिचा गळ्यावरचा हात दिसतो. तो उडी मारणार नाही. किंवा मारेल, आणि आई मेली असं मनात धरून मारेल. आणि त्या काळोखात तसल्या मनानं हात कसा स्थिर राहणार? आपल्या पोराच्या जिवासाठी तिनं पेरलेली शपथ आता दुसऱ्या बाईच्या पोराच्या पोटाखालून वर येत होती. तिच्या स्वतःच्या पोराच्याही.

तिनं मानसिंगला हलवून उठवलं. त्याचाच मोबाइल त्याच्यापुढं धरला, जयराजचं नाव दाखवलं, खूण केली.

"काय झालं? जयराजला लावू? बरं, लावतो." त्यानं लावला. वाजून वाजून थांबला. "उचलत न्हाई. कामात असंल."

तिनं पाटीवर लिहावं तसं बोटानं हवेत लिहिलं, मग त्याला कळेना म्हणून देवघरातला खडू आणला, जमिनीवर लिहिलं: शपथ. रवी. आज उतरतोय.

मानसिंगला कळायला वेळ लागला, पण कळल्यावर तो नीट उठून बसला. फौजेतला माणूस, कोणाच्या मागं कोण उभा असतो याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. "अरारा," तो म्हणाला. "वर बसलेला मानूसच बांधलेला. आसं चालत न्हाई, गड्या. आसं न्हाई चालत." मग तिच्याकडं बघून, "मी सांगतो त्येला. आईनं सोडली म्हणून सांगतो. एका मिनटाचं काम."

तिनं मान हलवली. नाही.

"का? माझ्या सांगण्याला काय धाड भरलीया?"

तिनं आपल्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग ते पुढं केलं. माझ्याच तोंडानं.

मानसिंगला नाथाजी आठवला. त्यानं हातातला मोबाइल उलटापालटा केला. मग म्हणाला, "मग दिवे लागू देत. लागल्याबरोबर बोल. तुझा नेम बी ऱ्हाईल."

दिवे लागेपर्यंत तिथलं पाणी थांबून पुन्हा वाहायला लागलेलं असणार. हे दोघांनाही माहीत होतं.

आणि तिथंच, देवघराच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या, संयोगिताला सगळ्यात जास्त भीती वाटली. पाण्याची नाही, सुरुंगाचीही नाही. तिला दिसलं की तिला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसली तर जयराज वरच राहील. शपथ तशीच राहील, पोरगं कोरडं राहील. आणि उद्या काही झालं, तर तिला कोणी बोल लावू शकणार नाही. दत्ताचा नेम होता, बाई बोलणार कशी? दगडाबाई स्वतः म्हणाली होती, नेम मोडू नगा. इतकी वर्षं पाळलेलं मौन तिच्यासमोर चांगल्या जाड भिंतीसारखं उभं होतं आणि तिच्या मागं लपायला भरपूर जागा होती. जीभ टाळूला चिकटली. समोर दत्ताचा फोटो, शेजारी गुंडाचा टाक, टाकापुढं वाळलेलं चौदांचं फूल.

तिनं हात जोडले. मनात काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. मग तिनं मानसिंगच्या हातातला मोबाइल घेतला आणि पुन्हा लावला.

वाजला. वाजला. आणि उचलला.

"हां आबा, पटकन बोला, उतरायची तयारी चाललीया..." जयराजचा आवाज, मागं वारा आणि कोणाचंतरी इंग्रजी.

"जयराज," ती म्हणाली.

सकाळपासून न बोललेला आवाज. घोगरा, तिचा तिलाच अनोळखी. मानसिंगनं मान वळवली.

पलीकडं क्षणभर नुसता वारा. मग, "आई? आई, आज गुरुवार हाय."

"माहीत हाय मला. ऐक. सुटली. मी घातलेली शपथ सुटली. माझ्या तोंडानं सांगते, सुटली. तुला काय बी बंधन न्हाई."

"आई, तू..."

"रवीच्या मागं मन मोकळं ठेवून उभा ऱ्हा. त्याला लागलं तर जा. माझा गळा मधी आणू नको."

त्याचा श्वास ऐकू आला. मग दुसराच आवाज, रविराजचा, हसरा: "काकू, ह्यो गेले चार दिवस मेलेल्या तोंडानं फिरतोय बघा! बरं केलासा!" मग जयराज पुन्हा, पण आता त्याचा आवाज बदललेला. लहानपणी शाळेतून पळत आल्यावर असायचा तसा. "आई, मग मी खालीच जातो त्याच्यासंगं. आधी ठरलं हुतं तसं. त्यो फुडं, मी मागं. गोरा वर निस्ती दोरी धरंल, त्येला उतरायचं न्हाई; खाली आमी एकमेकांला हाय. सायेब आत्ताच इचारत हुता."

तिनं डोळे मिटले. तिनं 'मागं उभा ऱ्हा' म्हटलं होतं. 'खाली जा' म्हटलं नव्हतं. पण सुटलेली शपथ किती सुटावी हे आता तिच्या हातात नव्हतं.

"जा," ती म्हणाली.

"फोन बंद करतो. सुरुंगापाशी काम असलं की बोटीवरचं समद्यांचं फोन बंद. वर आलो की लावतो. आबांस्नी सांग."

काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. मानसिंगनं पेपर उचलला. सुभेदार माणूस, पण पेपर घडी करायला लागला तर कडा जुळेनात.

ती उठली. तोंड धुतलं. गुंडाच्या टाकाला पुन्हा एकदा कुंकू लावलं. वाळलेलं फूल काढून ताजं ठेवलं. दिव्यात तेल घातलं, वात पुढं ओढली, काडीपेटी शेजारी ठेवली. मग फडक्यात चार भाकऱ्या आणि चटणी बांधली, पिशवीत घातली.

"कुठं निघालीस?" मानसिंगनं विचारलं.

"विट्याला. तिथनं माळावर. दगडाबाई एकट्या हायत घरात."

"आता? बरं न्हाई वाटत तुला, हात बघ कसा थरथरतोय."

"त्यांचा बी थरथरत असंल."

"आन् फोन आला तर? हितं आला तर?"

"तिकडं करा. दोघींना मिळूनच सांगा, काय असंल ते." ती थांबली. "दिवे लागायच्या वेळी दिवा लावा, आवं. आज माझ्या हातनं ऱ्हाणार."

त्यानं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. "ष्टँडपतुर सोडतो. विट्याची गाडी घावंल." आणि मग, तिच्याकडं न बघता, "नेमाचं काय? दत्तगुरूस्नी काय सांगणार?"

"त्यांना सांगायचं काय? ते ऐकतच हुते."

पुलावर आल्यावर खाली कृष्णा गढूळ, संथ, तळ न दाखवता वाहत होती. मानसिंगनं सवयीनं गाडी हळू केली, रोजच्यासारखा तिनं नमस्कार करावा म्हणून. तिनं पदर डोक्यावर ओढला, पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि पाण्याला हात जोडले. मग पुढं वाकून, मानसिंगला जेमतेम ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "चला. दगडाबाईंना सांगितलं हुतं, मी येईन म्हणून."